थकव्याचा हिशेब

आजची नोंद थकव्याबद्दल आहे. मल्टिपल स्क्लेरॉसिस (एमएस) झालेल्या माणसाला ‘मन खंबीर ठेव’ हा सल्ला उठताबसता ऐकायला मिळतो. मन बहुतेक वेळा खंबीरच असतं, पाय उचलत नाही ही अडचण असते. या आजारात मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण शरीराच्याच प्रतिकारशक्तीमुळे जागोजागी खराब होतं. मग मेंदूचा निरोप रेंगाळतो, कधी पोचतच नाही. फ्रेंच मज्जातंतुतज्ज्ञ शार्को यांनी १८६८ साली पॅरिसमध्ये अशा खराब जागांचे मेंदूतले चट्टे नीट वर्णन करून ठेवले. तरी या थकव्याला अजून आळस म्हटलं जातं आणि ते ऐकून मला मनापासून वाईट वाटतं. या आजारात बळ येतं ते स्वतःच्या शरीराची रीत ओळखण्यातून, आणि ती ओळख व्हायला रोजची वही फार उपयोगी पडते.

वहीत लांबलचक लिहायची गरज नाही. सकाळी, दुपारी आणि रात्री थकव्याला ० ते १० मधला एक आकडा द्यायचा. शेजारी झोप किती झाली, रात्री लघवीला किती वेळा उठावं लागलं, उकाडा होता का आणि कोणतं काम केलं, एवढंच टिपायचं. दोन आठवड्यांत चित्र दिसू लागतं. बहुतेकांचा घोटाळा बऱ्या दिवशी होतो. अंगात जोर वाटतो म्हणून साठलेली सगळी कामं उरकली जातात आणि पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. त्यापेक्षा २० मिनिटं काम आणि १० मिनिटं पाठ टेकून विश्रांती, हा क्रम दमण्याआधीच धरावा. दमल्यावर घेतलेल्या विश्रांतीने तेवढं भरून येत नाही. वहीमुळे आणखी एक गोष्ट कळते. सगळा थकवा एमएसचाच नसतो. रात्रीची मोडलेली झोप, रक्तातलं कमी हिमोग्लोबिन, थायरॉइड, स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेनसारख्या औषधाची गुंगी, यांतलं काही निघालं तर त्यावर इलाज करता येतो.

उष्णतेचं मात्र वेगळं लिहायला हवं, कारण सर्वांत जास्त घाबरगुंडी तिथेच उडते. गरम पाण्याने आंघोळ केली, भरभर चाललं किंवा ताप आला की डोळ्यापुढे अंधुक होतं, पाय जड होतात, बधिरपणा वाढतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ ऊटहोफ यांनी हे १८९० मध्ये नोंदवलं. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी मायलिन गेलेल्या तंतूतून निरोप अडू शकतो. नवी इजा झालेली नसते. अंग थंड झालं की ते ओसरतं. आंघोळीला कोमट पाणी घ्यावं, व्यायामाआधी आणि मध्ये थंड पाण्याचे घोट घ्यावेत, मानेवर ओला रुमाल ठेवावा, पंख्याखाली बसावं. हे एकदा नीट समजलं की भीतीचा मोठा भाग गळून पडतो.

खरा अ‍ॅटॅक (मज्जातंतूंना नवी इजा होऊन आजार उफाळणं) ओळखायची खूण अशी: नवा त्रास, किंवा जुनाच पण ठळकपणे वाढलेला, २४ तासांहून जास्त टिकतो आणि ताप किंवा जंतुसंसर्ग नसतो. म्हणून आधी ताप मोजायचा आणि लघवी तपासून घ्यायची. एमएसमध्ये लघवीचा संसर्ग जळजळ न होताही असू शकतो, आणि संसर्ग अंगात असताना स्टेरॉइड घेणं धोक्याचं ठरू शकतं. अ‍ॅटॅक असेल तर न्यूरॉलॉजिस्ट साधारण ३ ते ५ दिवस मोठ्या मात्रेचं स्टेरॉइड देतात. त्याने बरं होण्याचा वेग वाढतो, पण पुढचे अ‍ॅटॅक थांबत नाहीत. ते काम रोजच्या किंवा ठरावीक अंतराने घ्यायच्या औषधांचं आहे, आणि बरं वाटतंय म्हणून ती बंद करण्यासारखी दुसरी चूक नाही.

पायांतल्या अशक्तपणाचा एक भाग मज्जातंतूंच्या इजेचा असतो, दुसरा नुसत्या न वापरण्याचा. हा दुसरा भाग परत मिळवता येतो, आणि मला उमेद इथेच दिसते. साधा व्यायाम: पक्की खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे वाका, दोन मोजत उठा आणि चार मोजत बसा. पाच वेळा झालं की एक मिनिट थांबा, मग पुन्हा पाच. गुडघा थरथरू लागला की थांबायचं, ‘अजून एकदा’ करायचं नाही, कारण तोल जातो तो त्याच वेळी. चालताना चवडा घासत असेल तर फिजिओथेरपिस्टना चवडा उचलून धरणाऱ्या पावलाच्या पट्ट्याबद्दल विचारावं. काठी अशक्त पायाच्या विरुद्ध हातात धरावी, आणि हात सैल सोडून उभं राहिल्यावर काठीची मूठ मनगटाच्या घडीजवळ यावी.

प्रेरणेसाठी मी मोठ्या विजयकथा शोधत नाही. चेलोवादक जॅकलिन द्यु प्रे यांना १९७३ मध्ये या आजाराचं निदान झालं आणि १९८७ मध्ये, ४२ व्या वर्षी त्या गेल्या. अ‍ॅटॅक कमी करणारं पहिलं औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेत मंजूर झालं १९९३ मध्ये. आज अशी अनेक औषधं आहेत, आणि लवकर सुरू केली तर त्यांचा उपयोग जास्त. एवढी माहितीसुद्धा वाईट दिवशी धीर देते.

मनाचं राहिलं. या आजारात नैराश्य पुष्कळांना येतं आणि मेंदूतले बदलही त्याला कारण असू शकतात. ते सोसत बसू नये, त्यावर समुपदेशन आहे, औषधं आहेत. जगणं नकोसं वाटलं तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना आणि घरच्यांना सांगावं. एरवी तपासणीला जाताना वहीचं शेवटचं पान सोबत न्यावं. त्यावर महिन्यातले सर्वांत वाईट तीन दिवस, त्या दिवशीचे आकडे आणि विचारायचे दोन प्रश्न आधीच लिहून ठेवावेत. डॉक्टरांसमोर बसल्यावर नेमकं तेच आठवत नाही.