पितृपक्षात भुतांच्या पार्टीला

"अगं, पितृपक्षात भुतांच्या जत्रेला कोण जातं?" तिकिटं काढून झाल्यावर सासूबाईंनी विचारलं. उत्तर माझ्याकडे होतं, पण तोंडावर सांगण्यासारखं नव्हतं. पितृपक्षातलं तिकीट ऑक्टोबरपेक्षा स्वस्त पडतं.

गोष्ट २०२४ च्या सप्टेंबरातली. आम्ही अमेरिकेत अटलांटाजवळ अल्फारेटाला राहतो. थोरली सहा वर्षांची, धाकटा तीनला दोन महिने कमी. सासूबाई सहा महिन्यांसाठी राजापूरहून आलेल्या. शाळेतल्या कुठल्याशा मैत्रिणीने थोरलीच्या डोक्यात फ्लोरिडातल्या ऑर्लँडोचं खूळ भरवलं होतं. तिथल्या डिस्नेच्या मॅजिक किंगडम या मनोरंजन पार्कात रात्री भुतं येतात, गोळ्या वाटतात आणि मोठी माणसंसुद्धा सोंगं घेऊन फिरतात म्हणे.

या प्रकाराचं नाव 'मिकीज नॉट-सो-स्केअरी हॅलोविन पार्टी'. १९९५ मध्ये ३१ ऑक्टोबरच्या एका रात्रीपुरता सुरू झालेला हा कार्यक्रम आता ऑगस्टपासून ३१ ऑक्टोबरपर्यंत ठरावीक रात्री असतो, संध्याकाळी सात ते मध्यरात्री बारा. दिवसाच्या तिकिटावर तो मिळत नाही. साध्या तिकिटवाल्यांसाठी त्या दिवशी पार्क सहाला बंद होतं, आणि पार्टीच्या तिकिटावर चारपासून आत सोडतात. २०२४ मध्ये मोठ्यांचं तिकीट ११९ ते १९९ डॉलर होतं. ऑगस्टात सगळ्यात कमी, ३१ ऑक्टोबरला सगळ्यात जास्त. तीन ते नऊ वर्षांच्या मुलांना जेमतेम दहा डॉलरची सूट. तीनच्या आतल्याला फुकट. धाकट्याच्या वाढदिवसाआधी जायचं हे तिथेच ठरलं. तरीही चार तिकिटांचे पाचशे डॉलरच्या वर गेले. तो आकडा पाहून नवरा म्हणाला, "आता बारा वाजेपर्यंत एकाने जरी झोपतो म्हटलं ना, तर बघा."

त्याच्या या वाक्याचं पुढे काय झालं ते सांगतेच.

तयारीचे दोन आठवडे खरं तर भीतीची तालीम घेण्यात गेले. पार्टीतल्या मिरवणुकीचे व्हिडिओ मी मुलांना भर दुपारी, जेवणानंतर दाखवायचे. एकदम नाही, तुकड्यातुकड्याने. हा बिनडोक्याचा घोडेस्वार, ही फावडी घेऊन चालणारी कबरी खणणारी माणसं, हे नाचणारे भूत-भुतीण. थोरली ऐटीत म्हणायची, "हे तर खोटं आहे." धाकटा घोडा बघून "हॉर्सी" म्हणायचा आणि केळं खायचा. मला वाटलं, जिंकलो. पण त्याच रात्री सासूबाईंनी नातीला राजापूरच्या पिंपळावरच्या मुंजाची गोष्ट सांगितली आणि पोरगी दोन रात्री आमच्या पलंगावर झोपायला आली. डिस्नेच्या भुतांना सोंग असतं, आजीच्या मुंजाला गाव आणि पत्ता असतो.

कपड्यांचं मात्र मस्त जमलं. एरवी चौदा वर्षांवरच्यांना तिथे सोंग घेता येत नाही, पार्टीच्या रात्री सगळ्यांना मुभा असते. फक्त मोठ्यांना मुखवटा चालत नाही, आणि जमिनीवर लोळणारे घोळदार कपडे कुणालाच नाहीत. थोरलीला चेटकीण व्हायचं होतं. दुकानातला पॉलिएस्टरचा झगा घालून बघितला, पाचव्या मिनिटाला तिने पाठ खाजवायला सुरुवात केली. फ्लोरिडात सप्टेंबर म्हणजे आपल्याकडचा मे आणि जुलै एकत्र. तेव्हा सासूबाईंनी कपाटातून संक्रांतीला महाराष्ट्र मंडळात मिरवलेलं काळ्या खणाचं परकर-पोलकं काढलं. त्यावर डॉलर स्टोअरची टोकदार टोपी. बस. धाकट्याच्या नारिंगी टी-शर्टवर काळ्या फेल्टचे डोळे-दात चिकटवले, झाला भोपळा.

गुरुवारी दुपारी निघालो. साडेचारशे मैल, आय-७५ ने सरळ खाली. पुढच्याच आठवड्यात, २६ सप्टेंबरला, हेलीन वादळ याच पट्ट्यात फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर आदळलं. आम्ही नशिबाने सुटलो. या दिवसांत तिकडे जाणाऱ्याने तारखेइतकंच हवामानाकडेही बघावं.

शुक्रवारी सकाळी आम्ही काहीही केलं नाही, आणि हे मी अभिमानाने सांगते. कुठलंही दुसरं पार्क नाही, पोहणं नाही. हॉटेलच्या खोलीत पडदे ओढून एक ते तीन सगळे झोपलो. नवरा छताकडे बघत पडला होता, पण तोही पडला होता. दोन वर्षांच्या मुलाला रात्री दहापर्यंत माणसात ठेवायचं असेल तर दुपारची झोप हे खरं तिकीट.

मॅजिक किंगडमचं एक लक्षात ठेवायला हवं. गाडी लावली म्हणजे पोचलो असं नाही. पार्किंग तळ्याच्या अलीकडे, पार्क पलीकडे. मधे मोनोरेल किंवा फेरीबोट. आम्ही जाताना मोनोरेल घेतली. साडेतीनला गाडी लावून आत पाय ठेवेपर्यंत सव्वाचार वाजले. हातात पार्टीच्या तिकिटाचा पट्टा बांधला आणि थोरलीने तो दहा वेळा फिरवून पाहिला.

चार ते सात ही वेळ मुलांसाठी खरी सोन्यासारखी. उजेड असतो, मुलं ताजी असतात. आम्ही डंबो या उडत्या हत्तीची राइड केली, आणि पोटापाण्याचं उरकलं. बाहेरचं खाणं नेता येतं, काच आणि दारू सोडून. सासूबाईंनी दशम्या आणि लसणाची चटणी आणली होती. सिंड्रेलाच्या किल्ल्याकडे तोंड करून दशमी खाणारी बाई बघून शेजारच्या बाकावरचा, कॅप्टन हुक या चाच्याचं सोंग घेतलेला एकजण हसला. पाणी विकत घ्यायचं नाही, खाण्याच्या काउंटरवर मागितलं की गार पाण्याचा पेला फुकट देतात. दारातून किल्ल्याकडे नेणाऱ्या मेन स्ट्रीटच्या किल्ल्याकडच्या टोकाला, क्रिस्टल पॅलेस रेस्टॉरंटच्या बाजूला, बेबी केअर सेंटर आहे. लहानग्यांचे बुटके कमोड, कपडे बदलायला टेबलं, मायक्रोवेव्ह, आणि मुख्य म्हणजे एसी. माझ्या मते अख्ख्या पार्कातली सगळ्यात उपयोगी जागा.

उजेड असतानाच हाँटेड मॅन्शनही करून टाकलं. तिथे उंचीची अट नाही. १ ऑक्टोबर १९७१ ला पार्क उघडलं तेव्हापासूनचा हा वाडा. आत ९९९ भुतं राहतात आणि हजाराव्याला जागा आहे, अशी त्याची ख्याती. सुरुवातीला एका खोलीत उभं करून दिवे घालवतात, तेवढा क्षण जड जातो. मी धाकट्याचं तोंड माझ्या खांद्यावर घेतलं. पुढे गाडीत बसल्यावर तो नाचणाऱ्या भुतांना हात हलवत होता. बाहेर आल्यावर सासूबाईंनी निकाल दिला, "हजार भुतं एका वाड्यात, आणि एकाचंही कुणाशी भांडण नाही? काहीतरीच."

मग धाकटा कशाला घाबरला, तर संडासाला. स्वयंचलित फ्लशला. बसवून दोन सेकंद झाले नाहीत तोच खालून असा काही घोंघाट उठला की पोरगं माझ्या गळ्याला लटकलं आणि पार्काचा सगळा फँटसीलँड विभाग ऐकेल असं किंचाळलं. दोन आठवडे मी भुतांची तालीम घेत बसले होते. यावरचा इलाज मला तिथेच हात धुणाऱ्या एका अनोळखी बाईने शिकवला. पर्समधून पिवळी चिकटणारी चिठ्ठी काढून तिने सेन्सरवर लावून दाखवली. चिठ्ठी काढेपर्यंत फ्लश होत नाही. मी आता कुठेही गेले तरी त्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा पर्समध्ये असतो.

सात वाजता दिवे बदलले, जांभळे-नारिंगी झाले, आणि गोळ्या वाटणं सुरू झालं. जागोजागी ठाणी असतात, रांग सरकती असते, ओंजळभर टाकतात आणि "हॅपी हॅलोविन" म्हणतात. इथे आमचा एक जादा मुद्दा होता. धाकट्याला अंड्याची ॲलर्जी आहे. स्निकर्समध्ये अंड्याचा पांढरा भाग असतो हे मला ॲलर्जी कळेपर्यंत माहीत नव्हतं. ॲलर्जीवाल्या मुलांसाठी तिथे हिरवट-निळ्या रंगाची वेगळी पिशवी मागून घ्यायची. ठाण्यांवर गोळ्यांऐवजी टोकन मिळतं, आणि शेवटी ठरलेल्या जागी ते देऊन चालतील असे पदार्थ घ्यायचे. हा रंगही उगाच नाही. 'फेअर' या ॲलर्जीवर काम करणाऱ्या संस्थेने २०१४ पासून अमेरिकाभर टील पंपकिनची, म्हणजे हिरवट-निळ्या भोपळ्याची, मोहीम चालवली, दारात त्या रंगाचा भोपळा दिसला की तिथे खाऊव्यतिरिक्तही काही मिळतं. थोरलीच्या पिशवीतली छाननी मात्र रात्री मला करावी लागली. स्टारबर्स्टमध्ये जिलेटिन म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यांपासून काढलेला पदार्थ. त्या गोळ्या सासूबाईंनी पिशवीतून दोन बोटांनी उचलून बाहेर ठेवल्या.

सोंगवाल्या पात्रांबरोबरच्या फोटोंच्या रांगा आम्ही सरळ सोडल्या. 'द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस' सिनेमातल्या जॅक आणि सॅलीची रांग बघूनच पाय दुखले. स्नो व्हाइटचे सातही बुटके एकत्र भेटतात म्हणून तिथेही तीच गत. तासभर उभं राहून चेटकिणीच्या टोपीचा एक फोटो, त्यापेक्षा तेवढ्यात पाच ठाणी होतात असं थोरलीनेच गणित मांडलं. या बाबतीत ती आजोळावर गेली आहे.

मिरवणूक दोनदा असते, पहिली सव्वानऊला, दुसरी सव्वाअकराला. दुसरीला गर्दी कमी असते हे खरं, पण ते बिनमुलांच्या लोकांना सांगायचं ज्ञान. आम्ही साडेआठलाच मेन स्ट्रीटच्या दाराकडच्या टोकाला फुटपाथवर बसलो. मिरवणूक पार्काच्या फ्रंटियरलँड विभागाकडून निघते, आमच्याकडे यायला उशीर लागतो, पण संपली की बाहेरचं दार पाठीशी. आधी दिवे मंद झाले, मग टापांचा आवाज आला, आणि काळ्या घोड्यावरून तो बिनडोक्याचा स्वार, हातात पेटलेला भोपळा, आमच्यासमोरून गेला. खरा घोडा. खरा वेग. धाकटा उठून "हॉर्सी!" म्हणून ओरडला. आणि थोरली, "हे तर खोटं आहे" म्हणणारी, माझ्या ओढणीत शिरली. व्हिडिओत टापांचा हादरा अंगाला जाणवत नाही, ते मी धरलंच नव्हतं. मागून फावडीवाले आले, फावडी रस्त्यावर घासत ठिणग्या काढत. तेव्हा तिने एक डोळा उघडला. दाणदाण वाजत मिकी आला तोवर दोन्ही उघडले होते.

मिरवणूक संपली तेव्हा पावणेदहा झाले होते. सव्वादहाला दारूकाम, साडेअकरालाही गोळ्यांची ठाणी उघडी, बारापर्यंतचे पैसे भरलेले. आणि धाकटा स्ट्रोलरमध्ये आडवा, भोपळ्याचा एक काळा दात गालाला चिकटलेला. थोरली खाली बसून टोपीशी पुटपुटत होती. मी नवऱ्याकडे बघितलं. त्याने घड्याळाकडे बघितलं, मग किल्ल्याकडे, मग परत घड्याळाकडे. माणूस मनातल्या मनात सव्वादोन तासांना डॉलरने गुणत होता हे मला स्वच्छ दिसत होतं. शेवटी सासूबाई उठल्या, नातीचा परकर झटकला, तिचा हात धरला आणि चालायला लागल्या. "ताट भरलंय म्हणून पोट फुटेस्तोवर खायचं असतं होय रे?"

परतताना फेरीबोट घेतली. बोट पाण्यात मधोमध असताना किल्ल्याच्या मागे आकाश पेटलं. दारूकाम दिसलं ते असं, लांबून, पाण्यातल्या त्याच्या प्रतिबिंबासकट. आवाज उशिरा यायचा, बेताचा. धाकटा जागा झाला नाही. थोरली कठड्याला टेकून म्हणाली, "आई, त्याला डोकं नाही तर त्याला रस्ता कसा दिसतो?" नवरा म्हणाला, "घोड्याला दिसतो ना." हे तिला पटलं.

घरी परतताना गाडीत नवऱ्याने आईला हॅलोविनचं मूळ सांगितलं. आयर्लंडकडच्या केल्ट लोकांचा 'सावन' नावाचा सण, सुगी संपून हिवाळा लागताना यायचा. त्या रात्री मेलेली माणसं घराकडे फिरकतात अशी समजूत. सासूबाई म्हणाल्या, "मग पितृपक्षच की तो. इतके दिवस सांगायचं नाही?"

२ ऑक्टोबरला सर्वपित्री होती. सासूबाईंनी भात, खीर, वडे असं पान वाढून डेकच्या कठड्यावर ठेवलं आणि कावळ्याची वाट बघत उभ्या राहिल्या. थोरली आतून आपली पिशवी घेऊन आली. बरंच उकरून एक केशरी कागदातली गोळी काढली आणि पानाच्या कडेला ठेवली.

"आजोबांना साखर होती ना गं, आजी?"

"आता काय होतंय त्यांना. ठेव."

कावळा झाडावर बसून ओरडत राहिला, खाली उतरला नाही. खार आली. तिने वड्याकडे बघितलंही नाही, गोळी उचलली आणि पळाली.