उणे २.८ वरून उणे २.६

आईचा खुबा मोडला तेव्हा ती ७१ वर्षांची होती. गिरगावच्या चाळीत रात्री मोरीकडे जाताना पडली. ऑपरेशन झालं, पण जिना उतरून ती पुन्हा कधी खाली आली नाही. म्हणून तीन वर्षांपूर्वी पावसात दादरच्या पुलावर घसरून माझं मनगट मोडलं, तेव्हा मला धास्ती बसली ती खुब्याची.

वर्षभर आधी सोसायटीतल्या शिबिरात टाच तपासून 'हाडं चांगली आहेत' असा कागद मिळाला होता. डॉक्टरांनी तो बाजूला ठेवला. पाळी कधी गेली, आईला फ्रॅक्चर झालं होतं का, एवढंच विचारलं आणि डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारी तपासणी, लिहून दिली. टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांच्या तुलनेत आपल्या हाडांच्या घनतेचा आकडा, मणक्याचा उणे २.३ आला, खुब्याचा उणे २.८. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ होण्याचा आजार. त्या शिबिरातल्या कागदावर विसंबून मी वर्ष घालवलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

रक्तात ड जीवनसत्त्व फारच कमी निघालं. ते आधी भरून काढलं, मग आठवड्यातून एकदा हाडांची झीज रोखणारी गोळी, अलेंड्रोनेट, ७० मिलिग्रॅम. सोमवारी पहाटे उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत. नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, चहासुद्धा नाही. मी गॅलरीत उभी राहून पहिल्या लोकलचे आवाज ऐकायचे. चार महिन्यांनी छातीत जळजळ सुरू झाली आणि मी कुणाला न विचारता गोळी बंद केली. हाड दुखत नव्हतं ना, त्यामुळे सोडताना काही वाटलंही नाही. दोन महिन्यांनी सुनेच्या लक्षात आलं. तिनेच डॉक्टरांकडे नेलं.

त्यांनी रागावण्याऐवजी औषध बदललं: झोलेड्रॉनिक ॲसिड, ५ मिलिग्रॅम, वर्षातून एकदा शिरेतून. आधी रक्तातलं क्रिएटिनिन (मूत्रपिंडं नीट चालतात का ते कळायला) आणि कॅल्शियम तपासलं. दातही दाखवून घ्यायला सांगितलं, कारण या औषधावर असताना दाढ काढली तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. माझी एक किडकी दाढ काढावी लागली. जखम भरेपर्यंत थांबलो. सलाईन वीस मिनिटांत संपलं. रात्री मात्र १०१ ताप आणि अंग असं ठणकलं की कूस बदलवेना. पहिल्या वेळी असं होतं, हे त्यांनी आधीच सांगितलं होतं. पॅरासिटामॉल घेतलं, तिसऱ्या दिवशी मी पोळ्या लाटत होते. दुसऱ्या वर्षी काहीच झालं नाही.

मुलुंडच्या माझ्या मैत्रिणीला डेनोसुमॅब हे हाडांचंच दुसरं औषध चालू आहे, दर सहा महिन्यांनी पोटावर इंजेक्शन. ते मध्येच सोडलं तर कमावलेली घनता झपाट्याने उतरते, मणके दबू शकतात. ती गावी गेली तरी तारीख चुकवत नाही.

दुसऱ्या सलाईननंतर त्याच सेंटरला, त्याच मशीनवर डेक्सा केली. खुबा उणे २.६. मला वाटलं, दोन वर्षांत एवढंच? डॉक्टर म्हणाले, "अहो, मणक्याचं हाड जाळीदार, ते लवकर भरतं. खुब्याचं हळू. खाली गेलं नाही, वर आलं, हे मोठं आहे." २००७ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात याच औषधाने तीन वर्षांत खुब्याची फ्रॅक्चर ४१ टक्क्यांनी कमी झाली होती, हेही त्यांनीच सांगितलं.

तिसरं सलाईन श्रावणात आहे. ह्यांनी बाथरूमच्या दाराशी स्टीलचा दांडा बसवून घेतलाय. रात्री उठले की हात आपसूक तिथे जातो.