पहाटे ५:२२ ची पोचपावती

आमच्या वेबसाइटवर अर्ज भरायची मुदत रात्री बारापर्यंत होती. सकाळी नोंदी चाळल्या तर शेवटचा अर्ज २३:५२ चा. सगळं वेळेत, असं वाटलं. पण त्याच अर्जाच्या पोचपावतीची प्रत माझ्या मेलमध्ये पहाटे ५:२२ ला आली होती. म्हणजे फॉर्म पहाटे साडेपाचपर्यंत उघडा होता आणि ज्यांनी धावपळ करून बाराच्या आत अर्ज भरला त्यांच्यावर हा अन्याय झाला होता. मला ते फार लागलं.

फरक नेमका साडेपाच तासांचा, तेव्हा घड्याळ बिघडलेलं नाही हे उघड होतं. प्रश्न टाइम झोनचा होता. सर्व्हरवर टाइमडेटसीटीएल ही वेळ आणि झोन दाखवणारी कमांड चालवली. घड्याळ सिंक्रोनाइझ्ड, झोन यूटीसी (म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, भारताच्या साडेपाच तास मागे), आणि स्थानिक व जागतिक वेळेच्या दोन्ही ओळींत एकच आकडा. त्याच कमांडला सेट-टाइमझोन लावून एशिया/कोलकाता दिलं. (झोनचं पूर्ण नावच द्यावं. भारतीय वेळेचं आयएसटी हे लघुरूप इस्रायल आणि आयर्लंडही वापरतात.) डेट कमांड बरोबर वेळ दाखवू लागली.

पान रिफ्रेश केलं, तर तिथे जुनीच वेळ.

इथे माझे दोन तास गेले. वेबसाइट ज्या भाषेत लिहिली आहे ती पीएचपी सिस्टिमचा झोन विचारातच घेत नाही. तिच्या सेटिंगच्या आयएनआय फाइलमध्ये डेट.टाइमझोन असतं आणि ते रिकामं असेल तर पीएचपी यूटीसी धरून चालते. मी ते भरलं, टर्मिनलवर तपासलं, वेळ बरोबर आली. पान मात्र ढिम्म. शेवटी पीएचपीची चालू सेटिंग दाखवणारं पीएचपीइन्फोचं पान उघडून कोणती फाइल लोड झालीय ते वाचलं. टर्मिनलची फाइल वेगळी, वेबची वेगळी, आणि मी बदलली होती टर्मिनलची. वेबची बदलून पीएचपी-एफपीएम (वेबसाठी पीएचपी चालवणारी सेवा) रीस्टार्ट केलं, तेव्हा पान सुधारलं. ठरलेल्या वेळी कामं चालवणारं क्रॉनही रीस्टार्ट करावं लागलं, नाहीतर रात्री दोनचा बॅकअप साडेसातलाच निघाला असता.

डेटाबेसला सर्वात जास्त जपलं. आमचा डेटाबेस मायएसक्यूएल; ते सिस्टिमचा झोन सुरू होतानाच वाचतं, म्हणून तेही रीस्टार्ट केलं. टाइमस्टॅम्प प्रकारचे कॉलम आपोआप नीट दिसू लागले, कारण ते आत यूटीसीतच साठवले जातात. डेटटाइमचे कॉलम मात्र लिहिले तसेच राहतात. एका झोनची वेळ दुसऱ्यात बदलणाऱ्या कन्व्हर्ट-टीझेड फंक्शनला झोनची नावं दिली तर उत्तर नल (रिकामं), कारण झोनची टेबलं भरलेलीच नव्हती. मग +००:०० वरून +०५:३० असे आकडे दिले. आधी बॅकअप घेतला, कॉपीवर चालवून पाहिलं, आणि बदलाच्या क्षणाआधीच्याच नोंदी पुढे सरकवल्या. ही अट विसरलो असतो तर नव्या नोंदीही साडेपाच तास पुढे गेल्या असत्या.

नव्याने मांडणी करायची असेल तर मी सर्व्हर आणि डेटाबेस यूटीसीवरच ठेवीन आणि वेळ दाखवताना व मुदत तपासताना झोन लावीन. जिथे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करतात, तिथल्या वाचकांसाठी तर हेच बरं.

उशिरा आलेले अर्ज खऱ्या वेळेसह वेगळे काढून निर्णय घेणाऱ्यांकडे दिले. त्या रात्री चाचणीचा एक फॉर्म लावून बसलो. ११:५९ चा अर्ज गेला. १२:०० ला बटण दाबलं, तर 'मुदत संपली आहे' असं आलं.