भिगवण, चौथी फेरी : रोहितांची पिसं अखेर फोटोत उतरली

रविवारी पहाटे पावणेचारला पुणे सोडलं आणि सव्वासहाला भिगवणजवळच्या कुंभारगावी, उजनीच्या जलाशयाच्या काठावर पोचलो. या हिवाळ्यातली ही चौथी फेरी. आधीच्या तीन फेऱ्यांत मिळून दोन हजारांवर फोटो काढले होते, पण मोठा करून भिंतीवर लावावा असा त्यात एकही नव्हता. सगळ्यांचं दुखणं एकच. रोहिताची, म्हणजे फ्लेमिंगोची मान दिसते, चोच दिसते, पाय दिसतात, पण अंगावरची पिसं गायब. पांढरा कागद कापून पाण्यावर चिकटवल्यासारखा पक्षी. या वेळी पिसं मिळाली. काय बदललं ते सविस्तर लिहितो, कारण नोव्हेंबरात मला हे कुणी सांगितलं असतं तर दोन महिने वाचले असते.

जे अजून गेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात : उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि भीमेचं पाणी मागे इंदापूर, करमाळ्याच्या शिवारांत पसरलं. पावसाळ्यानंतर पाणी उतरू लागलं की काठाचा गाळ उघडा पडतो, उथळ पाण्यात खाद्य सापडतं आणि रोहित, चित्रबलाक, शेकाटे, पट्टकदंब असे सगळे तिथे जमतात. माझ्याकडे २४ मेगापिक्सेलचा क्रॉप (लहान) सेन्सरवाला जुना डीएसएलआर आणि ७०-३०० मिलिमीटरची झूम लेन्स आहे. चारही फेऱ्यांत हाच संच होता.

आता मुख्य मुद्दा, एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा ते. कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मिळून मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरून चालतो. पहिल्या दोन फेऱ्यांत फ्रेमचा बहुतेक भाग गडद पाण्याने व्यापलेला होता. मीटरला वाटलं अंधार आहे, त्याने उजेड वाढवला आणि पांढरी पिसं जळून गेली, म्हणजे नुसती कोरी पांढरी झाली. तिसऱ्या फेरीला एका जाणत्या मित्राच्या सांगण्यावरून कॉम्पेन्सेशन उणे एकवर ठेवलं, म्हणजे मीटर सांगतो त्याच्या निम्माच उजेड घेतला. पाण्यात उभे असलेले पक्षी बरे आले. पण तेच पक्षी उडाले, मागे पाण्याऐवजी उजळ आभाळ आलं आणि काळे ठिक्कर पडले. म्हणजे उणे एक हा आकडा त्या पाण्यापुरताच खरा होता.

घरी बसून त्या फोटोंचे आकडे पाहत होतो तेव्हा गोष्ट लक्षात आली. पक्षी पाण्यावर असो की आभाळात, त्याच्या अंगावर पडणारं ऊन तेच असतं. बदलते ती मागची बाजू, आणि मीटर फसतो तो तिच्यामुळे. मग मीटरला विचारायचंच कशाला? या वेळी सरळ मॅन्युअल मोड लावला, म्हणजे उजेडाचे आकडे मीच ठरवले. ऊन अंगावर आल्यावर काठावरच्या एका बगळ्यावर चाचणी घेतली. जळलेला भाग लुकलुकून दाखवणारी सोय चालू केली, शटर हळूहळू मंद करत (म्हणजे उजेड वाढवत) गेलो आणि पाठीवरची पिसं लुकलुकायला लागल्याबरोबर एक पायरी मागे आलो. पावणेआठला हा हिशेब शटर १/१२५० सेकंद, अपर्चर (लेन्सचं उघडं भोक) एफ/६.३ आणि आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) ४०० वर स्थिरावला. नऊ वाजता त्याच अपर्चरला आणि आयएसओला शटर १/३२०० वर गेलं होतं. ऊन चढत असतं, त्यामुळे दर दहा मिनिटांनी ही चाचणी पुन्हा करावी लागते. ढग आला तर लगेच. पण त्या दहा मिनिटांत पक्षी कुठेही गेला तरी पिसं शाबूत राहतात. फोटो रॉमध्येच, म्हणजे सेन्सरची सगळी माहिती राखणाऱ्या फाइलमध्येच घेतो, पण पूर्ण जळलेल्या पांढऱ्यातून रॉही काही परत आणू शकत नाही, हे दोन हजार फोटो उपसून शिकलो.

दुसरी गोष्ट लेन्सची. तिसऱ्या फेरीनंतर लेन्स बिघडली अशी माझी खात्रीच पटली होती. नऊनंतरचे सगळे फोटो मऊ, डोळ्याभोवती धार नाही. दुरुस्तीला टाकायच्या आधी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं आणि पाच मीटरवरून ३०० ला (पूर्ण झूम करून) फोटो घेतला. छोट्या जाहिरातींची अक्षरंसुद्धा स्वच्छ वाचता आली. लेन्स ठणठणीत होती, दोष मधल्या हवेचा होता. ऊन तापलं की ओल्या गाळावरची हवा थराथरांनी वेगवेगळी तापते आणि प्रकाश वाकडातिकडा होत येतो. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर) चित्र मोठं करून पाहा, पक्ष्याचे पाय पाण्यात हलावेत तसे लवलवताना दिसतात. महागडी लेन्स घेतली तरी ही हवा मध्ये असणारच. उपाय दोनच : लवकर जाणं आणि अंतर कमी असणं. नऊनंतर मी दूरच्या थव्याकडे कॅमेरा रोखायचाच नाही असं ठरवून टाकलंय.

अंतर कमी करायचं म्हणजे पक्ष्यांच्या अंगावर होडी घालायची नाही, हे मात्र कळकळीने सांगतो. शेजारच्या होडीतून कुणीतरी टाळ्या वाजवून थवा उठवायला सांगत होतं. फार वाईट वाटलं. खाणं सोडून सगळ्यांच्या माना एकदम ताठ झाल्या की आपण जास्त जवळ आलोय, तिथेच थांबायचं. आमचे नाववाले मामा या बाबतीत पक्के. थव्यापासून बऱ्याच लांब त्यांनी इंजिन बंद केलं, बांबूने होडी रेटत नेली आणि उथळ जागी बांबू गाळात रोवून ठेवला. मी चुळबुळ करतोय हे पाहून म्हणाले, "दादा, जरा दम धरा. खात खात आपसूक इकडं येत्यात."

आणि आले. पाऊण तासाने तिघेजण चाळीसेक मीटरवर होते. एवढ्या अंतरावर ३०० ला उभा रोहित माझ्या फ्रेमची अर्ध्याहून जास्त उंची व्यापतो. मी होडीच्या तळाशी फतकल मारून, कोपरं गुडघ्यांवर टेकवून बसलो होतो. कॅमेरा पाण्याच्या जितका जवळ तितकी मागची बाजू लांब जाते आणि विरघळते. उभं राहून घेतलेल्या जुन्या फोटोंत पक्ष्यामागे सगळा गढूळ गाळ होता. या फोटोंत नुसता निळसर पट्टा आहे. ट्रायपॉड होडीत निरुपयोगी. होडी हलते तसा तोही हलतो. शटर १/१००० च्या खाली जाऊ दिलं नाही, बास.

त्यातला एक रोहित जागच्या जागी पाय नाचवत गाळ ढवळत होता. डोकं उलटं करून चोच पाण्यात. मान वर काढली तेव्हा चोचीच्या बाकावरून पाण्याची बारीक धार सुटली. तो फोटो संगणकावर पूर्ण मोठा करून पाहिला. मानेच्या वरच्या भागाची पिसं भिजून एकमेकांना चिकटलेली, आणि पाठीवरच्या एकेका पिसाच्या कडेला फिकट गुलाबी रेघ. पांढऱ्यात इतक्या छटा असतात हे मला चार फेऱ्यांनंतर दिसलं. व्हाइट बॅलन्स (रंगांची ऊब-थंडी ठरवणारी सोय) 'डेलाइट'वर ठेवला होता, म्हणून सकाळची ऊबही टिकली. ऑटोवर ती धुऊन निघते.

उड्डाणाचं मात्र अजून जमलेलं नाही. रोहित वाऱ्याच्या तोंडाला पाण्यावर धावत जाऊन उडतो. त्या दिवशी वारा पूर्वेचा होता, म्हणून मामांनी होडी थव्याच्या पूर्वेलाच लावली होती. ऊन आमच्या पाठीशी आणि पक्षी तोंड आमच्याकडे करून धावणार. ते स्वतःहून उठले तेव्हा सगळं जुळून आलं होतं, पण मी बटण दाबून धरलं आणि दोन सेकंदांत कॅमेऱ्याची स्मृती भरून तो गप्प झाला. सर्वांत सुंदर क्षण त्यानंतरचा होता. जे मिळाले त्यांतल्या निम्म्यांत फोकस उडालेल्या पाण्यावर बसलाय, आणि तीन फोटोंत पायाखालचं प्रतिबिंब कापलं गेलंय. पुढच्या वेळी तीन-चार फोटोंचे छोटे छोटे झटके, आणि फ्रेमच्या खालच्या बाजूला मुद्दाम जास्त जागा.

एकूण ६१२ फोटो, ठेवले १९. चोचीवरच्या धारेचा फोटो १२ बाय १८ इंचांत छापायला टाकलाय, दोन प्रती. दुसरी मामांसाठी. फेब्रुवारीत जाईन तेव्हा सोबत नेईन. तोपर्यंत घरासमोरच्या तारेवर येणाऱ्या कबुतरांवर छोट्या झटक्यांचा सराव चालू आहे.