कसाऱ्याच्या अलीकडचे तिकीट, पलीकडचे तिकीट

अंधेरीला मावसबहिणीच्या मुलाचे बारसे होते आणि मावशीला घेऊन एका दिवसात जाऊन यायचे होते. सकाळची रांग टाळावी म्हणून आदल्या संध्याकाळीच मी सिटीलिंकच्या, म्हणजे नाशिकच्या शहर बससेवेच्या, बसने नाशिकरोड स्टेशन गाठले. मी ठाण्याची दोन जनरल तिकिटे मागताच खिडकीवरच्या बाईंनी, "आत्ता काढलेलं तिकीट उद्या चालणार नाही," असे सांगून मला परत पाठवले, आणि त्यांचे बरोबरच होते. 1 मार्च 2016 पासून 200 किलोमीटरपेक्षा कमी अंतराच्या अनारक्षित तिकिटावर तीन तासांच्या आत प्रवास सुरू करावा लागतो. त्याहून लांबचे तिकीट मात्र तीन दिवस आधी मिळते. नाशिकरोडहून थेट सीएसएमटीपर्यंतचे अंतरही 188 किलोमीटरच्या आसपासच भरते. मुंबई आणखी बारा किलोमीटर लांब असती, तर माझा हेलपाटा वाचला असता.

सकाळी पंचवटी एक्स्प्रेस मिळाली. ती सुपरफास्ट असल्यामुळे जनरलच्या तिकिटावरही वेगळा अधिभार पडतो, हे रोजच्या पासधारकांना तोंडपाठ असते. आमच्यासारख्यांना खिडकीवर कळते.

थळ घाट उतरून कसारा आले की उपनगरी हद्द सुरू होते. परदेशातल्या शहरांत असतात तशी भाड्याची वर्तुळे इथे नाहीत, लोकलचे भाडेही अंतरावरच ठरते. पण तिकिटाची मुदत आणि ते कोणत्या गाडीत चालते, हे दोन्ही इथून बदलते. लोकलचे तिकीट काढल्यावर तासाभरात प्रवास सुरू करावा लागतो. ठाण्याला उतरल्यावर मी फलाटावर उभा राहूनच मोबाईलवर घाटकोपरचे तिकीट काढू लागलो, तेव्हा अ‍ॅपने साफ नकार दिला, कारण स्थानकाच्या आवारात तसे तिकीट निघत नाही. शेवटी भिंतीवर चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन केल्यावर ते निघाले. घाटकोपरला मेट्रोचे तिकीट पुन्हा निराळे, कारण रेल्वेचे तिकीट मेट्रोच्या फाटकावर काहीच कामाचे नाही. पर्समधून चिठ्ठी, मोबाईलमधून पडदा, मग आणखी एक कोड, हे पाहून मावशी म्हणाली, "अरे, एका बारशाला किती तिकिटं काढायची?"

खरी फजिती परतीच्या वाटेवर झाली आणि ती सर्वस्वी माझ्या चुकीने झाली. घाटकोपरहून कल्याणपर्यंत लोकलची दोन तिकिटे काढायची, कल्याणला उतरून खिडकीवर नाशिकरोडची घ्यायची आणि मग पंचवटी धरायची, असा माझा हिशेब होता. पण आमची लोकल ठाण्याला बराच वेळ अडकून पडली आणि तेवढ्यात पंचवटीच फलाटावर येऊन उभी राहिली. कल्याणपर्यंतचे तिकीट हातात आहे, पुढचे गाडीत तपासनिसाकडून करून घेऊ, असे म्हणत मी मावशीला हाताला धरून आत चढवले.

तपासनीस कल्याणच्या आधीच आले. त्यांनी मोबाईलवरची तिकिटे पाहिली आणि शांतपणे सांगितले की लोकलचे तिकीट मेल-एक्स्प्रेसमध्ये चालत नाही, त्यामुळे आम्ही दोघेही विनातिकीट ठरतो. मार्ग तोच, रूळ तेच, स्थानकेही तीच, हा माझा युक्तिवाद त्यांनी पूर्ण ऐकून घेतला आणि पावतीपुस्तक उघडले. नाशिकरोडपर्यंतचे भाडे आणि वर प्रत्येकी किमान 250 रुपये दंड. कसारा येईपर्यंत मावशीने माझ्याशी शब्द काढला नाही; घाटात गाडीचा वेग मंदावल्यावर तिने पावती मागून घेतली, चष्मा लावून वाचली आणि पदराच्या गाठीत बांधून ठेवली.

नाशिकरोडला उतरून आम्ही सीबीएसला, म्हणजे शहरातल्या मध्यवर्ती बसस्थानकाला, जाणाऱ्या सिटीलिंकमध्ये बसलो तेव्हा वाहकाला पैसे देण्यासाठी मी खिशात हात घातला, पण तिने मला थांबवले. पुढे होऊन तिनेच विचारले, "हे तिकीट नक्की सीबीएसपर्यंत चालेल ना हो?"