आगमनकाळाआधीचा मौनाचा शनिवार

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या तयारीच्या काळाचा, पहिला रविवार 30 नोव्हेंबरच्या, म्हणजे संत आंद्रेयाच्या सणाच्या आजूबाजूला येतो. 27 नोव्हेंबरच्या आधी नाही आणि 3 डिसेंबरच्या नंतर नाही. आमच्या मंडळाचा मौनदिन त्याच्या आदल्या शनिवारी असायचा. वसईच्या ख्रिस्ती गावांत मंडळांना वर्षभर उसंत नसते. धर्मग्रामाचा (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचा) सण, नाटक, क्रिकेटचे सामने, मुलांची शिबिरे, नाताळचे गोठे आणि त्या गोठ्यांच्या स्पर्धा. तरी जुनी माणसे भेटली की बोलणे फिरून या शनिवारावर येते. त्या दिवशी ना मंच, ना माईक, ना बक्षीस. चाळीसेक माणसे सकाळी साडेआठला जमायची आणि नऊ ते साडेतीन एकमेकांशी चकार शब्द बोलायची नाहीत.

घरातल्या माणसाला सहा तासांचा एकांत द्यायचा तर त्यामागे दुसऱ्या दहा जणांचे हात लागतात. सुनेला मोकळे करायचे तर तिची मुले कोणीतरी सांभाळायला हवीत. अंथरुणावरच्या सासूजवळ कोणीतरी बसायला हवे. म्हणून दोन आठवडे आधी पहिली यादी व्हायची ती कोणाच्या घरी कोण जाऊन बसणार याची. हे काम मंडळातली तरुण मुलेमुली करायची आणि पुढच्या वर्षी पाळी उलटायची: आदल्या वर्षी मुले सांभाळणारी मौनाला बसायची, बसलेल्या काकू आणि मावश्या घरे सांभाळायच्या. ही यादी नीट झाली नाही की दिवस फसलाच म्हणायचा. शरीराने झाडाखाली बसलेली आई मनाने घरी असते, आणि अकरा वाजता गुपचूप फाटकाबाहेर जाऊन फोन करते.

फोनचे आणखी एक. ते दाराशी टोपलीत ठेवायचे, प्रत्येकाचा वेगळ्या पाकिटात, वर नाव लिहून. नुसता आवाज बंद करून भागत नाही. वीस फोन एका टोपलीत थरथरायला लागले की पलीकडच्या खोलीपर्यंत ऐकू येते. पूर्ण बंदच करायचे. घरच्यांना स्वयंसेवकाचा एकच नंबर द्यायचा आणि खरी निकड असेल तरच त्यावर फोन करा असे आदल्या रविवारी मिस्सेनंतर (चर्चमधल्या मुख्य उपासनेनंतर) सांगायचे. ही सोय असली की माणसे निर्धास्तपणे फोन सोडतात.

जागेची व्यवस्था दिसायला सोपी वाटते, पण चुकते तिथेच. खुर्च्या एकमेकींपासून निदान सात-आठ फूट लांब आणि कोणाच्याही समोर कोणी नाही अशा मांडायच्या. नजरानजर झाली की हसू फुटते, आणि एकाला फुटले की ओळच्या ओळ हलते. सकाळी नऊला आवारातल्या आंब्याची सावली पश्चिमेकडे पडते. तिथे मांडलेल्या खुर्च्या दुपारी उन्हात येतात, म्हणून दुपारची बैठक झाडाच्या उत्तरेला आणि पूर्वेला धरून ठेवायची. खुर्ची फरफटत न्यायची नाही, उचलून न्यायची. नोव्हेंबरअखेर पहाटे दव पडते; प्लास्टिकच्या खुर्च्या आठ वाजता फडक्याने पुसल्या नाहीत तर सगळ्यांचे कपडे ओले. सूचना तोंडी द्यायच्या नाहीत. शाळेतली हातघंटा पुरे: एक ठोका म्हणजे आत या, दोन म्हणजे जेवण.

दिवसाची घडण अशी असे. वीस मिनिटांचे चिंतन, मग मौन. असे तीन वेळा. पहिले मौन अर्ध्या तासाचे, दुसरे पाऊण तासाचे, जेवणानंतरचे तिसरे पूर्ण तासाचे. ही चढण मुद्दाम ठेवलेली असे. नवख्याला एकदम तासभर बसवले तर दहाव्या मिनिटाला तो जपमाळ काढतो, विसाव्याला घड्याळ बघतो. जपमाळ वाईट नाही, पण त्या दिवशी तिचा उपयोग शांतता टाळण्यासाठी होतो. चिंतन देणारे फादर किंवा सिस्टर कितीही गुणी असोत, वीस मिनिटांचे पस्तीस व्हायला वेळ लागत नाही, आणि वाढलेली पंधरा मिनिटे मौनातूनच कापली जातात. म्हणून घंटा वाजवणारा माणूस वक्त्याच्या नजरेसमोर बसायचा आणि अठराव्या मिनिटाला घंटा नुसती हातात घ्यायचा.

वचने बहुधा लूकच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या दोन अध्यायांतली. वाट पाहणारी इतकी माणसे दुसरीकडे एका जागी सापडत नाहीत. जखऱ्या मंदिरात मुका होतो आणि मुलाचे नाव पाटीवर लिहीपर्यंत मुकाच राहतो. त्याची बायको अलीशिबा दिवस गेल्यावर पाच महिने स्वतःला लपवून ठेवते; का, ते लूक फारसे उलगडून सांगत नाही, आणि तेवढ्या एका वाक्यावर पाऊण तास बसता येते. येशूची आई मरिया तिच्याकडे सुमारे तीन महिने राहते. हन्ना लग्नानंतर सात वर्षांत विधवा झालेली, आता चौऱ्याऐंशीची, मंदिर सोडून न जाणारी. शिमोन ख्रिस्त दिसेपर्यंत थांबलेला.

इथे वक्त्याला आधी सांगून ठेवावे लागे. बसलेल्यांत मूल नसलेली जोडपी असत. अलीशिबेची गोष्ट 'विश्वास ठेवा, देव तुमचीही ओटी भरील' अशी सांगितली तर त्या जोडप्याचा उरलेला दिवस जखमेवर जातो. शुभवर्तमान तसे वचन देतही नाही. म्हणून अलीशिबेच्या जोडीला तिचाच मुलगा, तुरुंगातला योहान घ्यायचा. मत्तयच्या अकराव्या अध्यायात तो कोठडीतून शिष्यांना पाठवून येशूला विचारतो, येणारा तो तूच, की आम्ही दुसऱ्याची वाट पाहावी? उत्तर येते, पण सुटका येत नाही. योहान तुरुंगातच मारला जातो. आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी, ज्या वर्षी मत्तयचे वाचन चालते त्या वर्षी, हाच उतारा वाचतात. आनंदाच्या रविवारी, गुलाबी मेणबत्ती पेटलेली असताना! चर्चने हे शहाणपणाने ठेवले आहे असे आम्हाला नेहमी वाटत आले. ज्यांचा नवरा बोटीवर किंवा आखातात आहे, ज्यांचा निकाल, व्हिसा, तपासणीचा अहवाल अडकला आहे, त्यांना योहानाचा प्रश्न आपलाच वाटायचा. तो विचारायला विश्वास लागतो, आणि येशू त्याबद्दल योहानाला रागावत नाही. उलट लोकांसमोर त्याची थोरवी गातो.

सोबत एकच कागद: बायबलमधले स्तोत्र 130, विलापगीताच्या तिसऱ्या अध्यायातल्या काही ओळी, आणि खाली रिकामी जागा. जास्त कागद दिले की माणसे वाचत बसतात. स्तोत्र 130 मध्ये पहाटेची वाट पाहणारे पहारेकरी येतात आणि तीच ओळ लगेच पुन्हा येते. वसईत भाजी आणि फुले घेऊन पहिल्या गाड्यांनी मुंबईला जाणाऱ्या बायकांना पहाटेआधीचा काळोख वेगळा समजावून सांगावा लागत नसे.

जेवणही मौनातच. चाळीस जणांना तीन किलो तांदूळ आणि दीड किलो मुगाची डाळ अशी खिचडी पुरते; सोबत पापड टाळायचा, कारण शांततेत चाळीस पापड मोडले की काय होते ते एकदा ऐकावेच लागते. स्टीलच्या ताटांऐवजी केळीची पाने. वाढणाऱ्यांना खूण ठरवून द्यायची: पानावर आडवा हात म्हणजे पुरे, वर केलेले बोट म्हणजे थोडे आणखी. एक जण हळू आवाजात संतचरित्रातला उतारा वाचायचा. मठांतली ही जुनी रीत आहे आणि तिचा फायदा व्यावहारिक आहे: कान गुंतलेले असले की डोळे शेजाऱ्याशी बोलायला जात नाहीत.

सर्वांत अवघड तास त्यानंतरचा. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहिलेल्या इवाग्रियस नावाच्या साधूने दुपारच्या या कंटाळ्याचे नेमके वेळापत्रक लिहून ठेवले आहे: दिवसाच्या चौथ्या तासापासून आठव्यापर्यंत, म्हणजे आपल्या साधारण दहा ते दोन. त्या वेळी सूर्य जागचा हलत नाही असे वाटते, माणूस खिडकीकडे बघत राहतो, आपली कोठडी आणि आपले काम नकोसे होते, दुसरीकडे कुठेही बरे असेल असे वाटू लागते. दीड वाजता आमच्या आवारात अगदी हेच घडायचे. निम्मे डुलक्या घेत, काही जण फाटकापर्यंत जाऊन परत येत. डुलकीला कोणी हरकत घेत नसे. दमलेल्या माणसाला पंधरा मिनिटे झोप हवीच असते, आणि देवाने एलिया संदेष्ट्यालाही रतामाच्या झाडाखाली आधी झोपू दिले, भाकर दिली, मग पुढे चालवले. पण फाटकाशी गेलेल्यासाठी येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाती लोयोला यांचा नियम चिंतनातच सांगून ठेवलेला असायचा. मन कोरडे पडले की ठरलेली वेळ कमी करू नका, उलट थोडी वाढवा. आणि त्या कोरडेपणात आधी घेतलेला निर्णय बदलू नका. हे दोन नियम पुढे वर्षभर लोकांच्या उपयोगी पडले: नोकरी सोडण्याच्या, भावाशी बोलणे तोडण्याच्या, प्रार्थना बंद करण्याच्या वेळी.

शांततेत दुःख वर येते, हे धरून चालायचे. ज्यांच्या घरी त्या वर्षी मयत झाली आहे त्यांना आग्रह करून आणू नये असे आमचे मत बनत गेले. स्वतःहून आले तर यावे. अशांच्या जवळ, अंगावर नाही पण दिसेल इतक्या अंतरावर, एक वडीलधारी बाई बसवायची. तिने पाण्याचा तांब्या ठेवायचा, पाठीवरून हात फिरवायची घाई करायची नाही. रडणाऱ्याला थांबवले की तो लाजून दिवसभर गप्प होतो. प्रायश्चित्त संस्कारासाठी एक फादर मागच्या खोलीत दिवसभर बसलेले असत. रांग लावायची नाही. दाराबाहेर एकच खुर्ची, ती रिकामी दिसली की जायचे.

साडेतीनला मौन सुटायचे ते एकदम नाही. आधी स्तोत्र सर्वांनी मिळून म्हणायचे, मग चहा. चार लिटर दुधात चाळीस जणांचा सकाळचा आणि दुपारचा, दोन्ही वेळचा चहा होतो. आणि चहानंतर हातांना काम: आगमनकाळाची चक्री, म्हणजे हिरव्या डहाळ्यांचे आणि चार मेणबत्त्यांचे कडे, करायला बसायचे.

चक्रीची गोष्ट मुलांना सांगायला चांगली आहे. हॅम्बर्गमध्ये योहान विखर्न नावाचे पाळक गरीब मुलांचा आश्रम चालवत. नाताळ कधी, नाताळ कधी, म्हणून मुले रोज विचारत. 1839 साली त्यांनी गाडीच्या जुन्या चाकावर मेणबत्त्या लावल्या: रविवारच्या चार मोठ्या, इतर दिवसांच्या लहान. रोज एक वाढती ज्योत. आता चर्चमध्ये चारच राहिल्या, तीन जांभळ्या आणि तिसऱ्या रविवारची गुलाबी.

आमच्याकडे दीड फूट व्यासाचे वेताचे कडे आणि त्यावर किनाऱ्याच्या सुरूच्या डहाळ्या. सुरू चार-पाच दिवसांत वाळतो आणि वाळलेला सुरू ठिणगीने भडकतो. म्हणून दर शनिवारी हिरवळ बदलायची, ती न बदलता नुसते पाणी शिंपडून चालत नाही. मेणबत्तीचे गणित आधी करायचे. इंचभर जाडीची मेणबत्ती तासाला साधारण इंचभर जळते. पहिली चारही आठवडे जळते, चौथी एकच. रविवारी दोन मिस्सा धरल्या तर पहिलीला आठ तास हवेत, दहा इंची पुरते. रोजच्या मिस्सेलाही पेटवायची असेल तर दोन इंच जाडीचीच घ्यायची. जांभळी मिळाली नाही तर पांढरीच घ्यावी आणि बुडाशी जांभळी फीत बांधावी. रंगीत कागद गुंडाळायचा नाही. वरचा पंखा चालू असला की मेणबत्ती एका बाजूने ओघळते आणि तासाचे काम अर्ध्या तासात संपते, तेव्हा वेदीजवळचा पंखा बंद ठेवायला आधीच सांगायचे.

चक्री झाल्यावर शेवटची यादी व्हायची, 17 ते 23 डिसेंबरच्या सात संध्याकाळींची. या सात दिवसांत सायंप्रार्थनेत मरियेच्या गीताआधी येणाऱ्याला सात नावांनी हाक मारतात: ज्ञान, प्रभू, इशायाचे मूळ, दाविदाची किल्ली, उगवता प्रकाश, राष्ट्रांचा राजा, इम्मानुएल. मंडळ त्या हाका चर्चमध्ये न म्हणता सात घरी जाऊन म्हणायचे, जिथे कोणी अंथरुणाला खिळलेले आहे किंवा एकटेच राहते आहे. पाच-सहा जण, वीस मिनिटे, चहा नाही. चहा ठेवला की घरातल्या एकट्या माणसाची धावपळ होते आणि आपण त्याच्यासाठी आलो ते राहून जाते. घरे ठरवताना दरवर्षी त्याच ओळखीच्या दारांशी जाण्याची सवय लागते, ती मोडावी लागे. मागच्या वर्षीची यादी समोर ठेवून निदान तीन घरे नवी घ्यायचीच.

एक गोष्ट नव्या कार्यकर्त्यांच्या ध्यानात राहत नाही म्हणून लिहून ठेवलेली बरी. नाताळ सोमवारी आला की आगमनकाळ फक्त 22 दिवसांचा होतो आणि चौथा रविवार 24 डिसेंबरलाच पडतो. 2017 आणि 2023 मध्ये असे झाले, 2028 मध्ये पुन्हा होईल. त्या वर्षी चौथी मेणबत्ती सकाळी पेटते आणि संध्याकाळी नाताळची मिस्सा असते. सजावटवाले सकाळी नऊपासूनच फुले घेऊन दारात उभे राहतात. त्यांना आधी सांगून ठेवायचे की दुपारच्या दोनपर्यंत वेदीला हात लावायचा नाही, आणि गोठ्यातली गव्हाण मध्यरात्रीच्या मिस्सेपर्यंत रिकामीच ठेवायची.