भाचा दत्तक घेऊन अमेरिकेला न्यायचा असेल, तर दत्तहोमाची घाई नको

बहिणीचा मुलगा, दोन्ही घरांची संमती, गुरुजी बोलावून दत्तहोम, दुय्यम निबंधकाकडे दत्तकपत्राची नोंदणी. हिंदू दत्तक कायदा, १९५६ च्या अटी पाळल्या असतील तर दत्तक पक्कं. अडतं ते व्हिसाच्या वेळी. भारत आणि अमेरिका दोघेही हेग दत्तक करारात, म्हणजे एका देशातलं मूल दुसऱ्या देशात दत्तक देण्याच्या आंतरराष्ट्रीय करारात, आहेत. त्यामुळे भारतातल्या मुलासाठी अमेरिकेचा नियम असा, की आय-८०० अर्जाला, म्हणजे ठरावीक मुलाला दत्तक म्हणून अमेरिकेत आणण्याच्या अर्जाला, तात्पुरती मंजुरी मिळण्याआधी दत्तक झालेलं चालत नाही. झालं असेल तर आधी ते कायदेशीररीत्या रद्द करून आणा, म्हणतात. आणि १९५६ च्या कायद्याचं कलम १५ सांगतं, की वैध दत्तक कुणालाही रद्द करता येत नाही. बसा आता!

म्हणून आधी पात्रता पाहा. जोडप्यातला एक तरी अमेरिकन नागरिक हवा. दोघेही ग्रीनकार्डवर असतील तर हा अर्जच करता येत नाही. आय-८०० मुलाच्या सोळाव्या वाढदिवसाआधी गेला पाहिजे. आणि हा दत्तक भारताच्या ज्या बाल न्याय कायद्याने होतो, त्यात ‘नातेवाईक’ म्हणजे फक्त काका, आत्या, मामा, मावशी आणि दोन्हीकडचे आजी-आजोबा. चुलतभावाचं किंवा मावसबहिणीचं मूल नातेवाइकाच्या या वाटेने येत नाही, घरात कितीही सख्खं मानलं तरी.

सुरुवात अमेरिकेतून होते. तिथल्या मान्यताप्राप्त संस्थेकडून गृह अध्ययन अहवाल, म्हणजे दत्तक घेणाऱ्यांच्या घराच्या पाहणीचा अहवाल, घ्यायचा आणि तो जोडून आय-८००ए, म्हणजे दत्तक घ्यायला पात्र ठरण्याचा अर्ज, भरायचा. भरताना अहवाल सहा महिन्यांपेक्षा जुना नको. भारतात काराच्या, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, पोर्टलवर नोंदणी होते आणि मुलाच्या जिल्ह्यातला बाल संरक्षण कक्ष कौटुंबिक पार्श्वभूमीचा अहवाल तयार करतो. मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याचीही संमती लागते. आईवडील हयात नसतील तर मूल देणाऱ्या कायदेशीर पालकाला बालकल्याण समितीची परवानगी हवी.

सगळ्यात नाजूक जागा हा कौटुंबिक अहवालच. जन्मदाते दोघेही हयात असतील, तर ते मुलाचा नीट सांभाळ करायला असमर्थ आहेत हे अमेरिकेला कागदावर दिसावं लागतं. समाजसेविका घरी येते, आजी कौतुकाने सांगते, ‘तिकडे गेला की चांगलं शिकेल हो.’ ते वाक्य जसंच्या तसं अहवालात उतरतं आणि प्रकरण लंगडं होतं. चांगल्या शाळेची आशा हे कारण धरत नाहीत. गंभीर आजार, अपंगत्व, कमाईच नसणं असं खरं काही असेल तर डॉक्टरांचे कागद आणि उत्पन्नाचा दाखला जोडा. असं काहीच नसेल, तर माझ्या मते या वाटेला जाऊच नये. आई किंवा वडील यांपैकी एकच हयात असेल, तर असमर्थतेची ही अट लागत नाही. मृत्यूचा दाखला आणि हयात पालकाची मागे न घेता येणारी लेखी संमती लागते.

आय-८०० ला तात्पुरती मंजुरी आणि त्यानंतर दूतावासाचं हेग कराराच्या कलम ५ चं पत्र आलं, की मगच जिल्हाधिकाऱ्यांकडे दत्तक आदेशासाठी अर्ज. सप्टेंबर २०२२ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने हा अधिकार न्यायालयाकडून त्यांच्याकडे गेला. आदेशानंतर कारा ना-हरकत प्रमाणपत्र आणि हेगच्या कलम २३ चं प्रमाणपत्र देते, तेव्हा आय-८०० ची अंतिम मंजुरी आणि व्हिसा. दत्तहोमाची हौस असेल तर ती आदेशानंतर भागवा, आणि त्याचं वेगळं दत्तकपत्र करायला जाऊ नका.

नावांचा घोळ मात्र पहिल्याच दिवशी निस्तरा. बऱ्याच जन्मदाखल्यांवर मुलाचं नाव घातलेलंच नसतं, किंवा आईचं नाव एका कागदावर माहेरचं आणि दुसऱ्यावर सासरचं. हे ग्रामपंचायत किंवा महापालिकेकडून आधीच दुरुस्त करून घ्या. आदेशानंतर मधलं नाव आणि आडनाव बदलतं, म्हणून आधी नवा जन्मदाखला, त्यावरून नवा पासपोर्ट. जन्मदात्यांच्या नावाचा जुना पासपोर्ट असेल तर तो अर्जात दाखवावाच लागतो.

अमेरिकेत पोचल्यावरही दोन वर्षं मुलाचे पाठपुरावा अहवाल काराकडे जातात: पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी. त्याची फी संस्थेशी करार करतानाच विचारून घ्या.